तीन तास वीस मिनिटांचं कापड

कटिंगबाईंच्या डोक्याला जो ताप होता, तो आजाराचा नव्हता. आजाराचं त्यांनी कधीच मान्य करून टाकलं होतं. मूत्रपिंडांनी एकदा हात वर केले की माणसाने मशीनला शरण जायचं, मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी सात ते अकरा, त्यात वाद घालायला जागाच नाही. ताप होता तो शेजारच्या तीन खुर्च्यांचा.

डायलिसिसची खोली हॉस्पिटलच्या पहिल्या मजल्यावर, लिफ्टच्या मागे होती. मागे रेलता येतील अशा चार खुर्च्या, प्रत्येकीशेजारी एक मशीन, कोपऱ्यात कापड पांघरून ठेवलेलं पाचवं, जादाचं. आणि समोरच्या भिंतीवर मान दुखेल इतक्या उंचावर टांगलेला एक टीव्ही. माणसं चार, टीव्ही एक. ज्या कुणा शहाण्याने ही व्यवस्था केली तो स्वतः कधी तिथे चार तास बसला नसणार, असं बाईंचं ठाम मत होतं.

बाई शर्टाच्या कारखान्यात एकतीस वर्षं कटिंगच्या टेबलावर होत्या. कापडाचे थर एकावर एक अंथरायचे, वर पाठीचा, बाहीचा, कॉलरचा असे पुठ्ठ्याचे फर्मे मांडायचे, आणि ते असे बसवायचे की मध्ये वाया जाणारं कापड बोटभरही उरू नये. बाहीच्या वळणात कॉलर बसवण्यात त्यांचा हात धरणारं कारखान्यात कुणी नव्हतं. आता आजारपणामुळे त्या उरलेले तीन दिवस फक्त दुपारपर्यंत जात आणि नव्या मुलींना फर्मे मांडायला शिकवत. मुली त्यांना घाबरत, कारण टेबलाखाली पडलेली कतरण बाई स्वतः वाकून उचलत आणि जिची असेल तिच्या हातात देत. एक शब्द न बोलता.

अशा बाईंना वेळ वाया गेलेला कसा खपणार? टेक्निशियन, ज्याला वयाने लहान असूनही सगळे दादा म्हणत, एकेकाला सुया टोचून मशीनला जोडायचा. पहिल्या बाई, कारण त्या पावणेसातालाच येऊन बसत. चौघं जोडून होईपर्यंत सात चाळीस. अकराला बाईंचं मशीन वाजायचं, मग त्यांना उठवायचं, खुर्ची पुसायची, साडेअकराला पुढची पाळी. म्हणजे हातात उरले तीन तास वीस मिनिटं. आठवड्याला तीन वेळा एवढंच कापड, आणि त्यात पाहण्यासारखा सिनेमा बसवायचा. सरळ हिशेब होता.

पण सरळ चालतील ती माणसं कसली. दुसऱ्या खुर्चीवर ड्रायव्हरकाका. चौतीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले, बायको गेलेली, मुलगी दूरदेशी. त्यांना मारामारीचे सिनेमे हवेत, आणि ते लावले की विसाव्या मिनिटाला यांचं घोरणं सुरू. तिसऱ्या खुर्चीवर सर, कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलेले. सरांना परदेशी सिनेमे आवडत, ज्यात एक म्हातारा अर्धा तास खिडकीबाहेर बघतो आणि मग खिडकी लावतो. खालच्या ओळी सर सगळ्यांसाठी मोठ्याने वाचून दाखवत, कुणी सांगितलेलं नसताना. चौथ्या खुर्चीवर बँकेतली, तिशीचीही नव्हती बिचारी. तिला विचारलं की ती म्हणे, मला काहीही चालेल. पण काहीही लावलं की दहा मिनिटांत तिचं तोंड कडू व्हायचं आणि ती मोबाईलमध्ये शिरायची.

रोज सकाळी वादाला तोंड फुटायचं. सर म्हणत, आयुष्य थोडं उरलंय, त्यात चांगलंच पाहावं. काका म्हणत, आयुष्य थोडं उरलंय, त्यात रडकं कशाला पाहावं. दोघंही एकच कारण देत आणि उलट्या टोकाला जात. बँकेतली मोबाईलवर लोकांनी दिलेले तारे वाचून दाखवी, साडेतीन तारे, पावणेचार तारे. सर विचारत, हे तारे देणारे कोण, त्यांचं शिक्षण काय. दादा हातात रिमोट घेऊन दारात उभा. नमनाला घडाभर तेल संपेपर्यंत साडेआठ वाजलेले असत, आणि मग घाईघाईत कुठलातरी दोन तासांचा सिनेमा लागे, जो चौघांपैकी एकालाही नको असे. एक ना धड, भाराभर चिंध्या. बाई घड्याळाकडे बघून दात आवळत, तर मशीनवर त्यांचं ब्लडप्रेशर वर चढलेलं दिसे आणि दादा त्यांनाच विचारी, मीठ खाल्लं का म्हणून.

त्यात खोलीचा एक नियम होता. एका बैठकीत संपेल तोच सिनेमा लावायचा. उरलेला पुढच्या वेळी, हे तिथे चालत नसे. बाई दोन वर्षांपूर्वी आल्या तेव्हापासून नियम होताच, आणि कुणी त्याचं कारण सांगत नव्हतं. बाईंना वाटायचं, असेल काहीतरी या म्हाताऱ्यांचा हेका.

पण त्यांच्या मनात एक सिनेमा होता, आणि तो तीन तास पन्नास मिनिटांचा होता.

एकोणीस वर्षांच्या असताना त्या मैत्रिणीबरोबर तो पाहायला गेल्या होत्या, घरी न सांगता. नायिका स्टेशनवर उभी. एका फलाटावर भावाच्या गावाची गाडी, समोरच्या फलाटावर शहराची. दोन्ही गाड्यांनी शिट्टी दिली, आणि मध्यंतर. दिवे लागले. थिएटरच्या दारात बाईंचा थोरला भाऊ उभा होता. तो रागावला नाही, ओरडला नाही, फक्त म्हणाला, "चल." आणि बाई उठल्या. पुढच्याच महिन्यात त्यांचं लग्न ठरलं. संसार वाईट झाला असं नाही. नवरा सहा वर्षांपूर्वी गेला तोवर त्याने कधी आवाज चढवला नाही. पण त्या मैत्रिणीला बाईंनी बजावून ठेवलं होतं, ती कुठल्या गाडीत बसली ते मला सांगायचं नाही, मी बघणार आहे. एकोणचाळीस वर्षं झाली, अजून बघणारच होत्या.

घरी दोनदा प्रयत्न करून झाला होता. पहिल्या वेळी नातवाला त्याच वेळी कार्टून हवं होतं. दुसऱ्या वेळी सुनेने वीस मिनिटांत चारदा येऊन औषध घेतलं का विचारलं, मग बेल वाजली, मग कुकर, मग मुलाला त्याचे मोजे सापडेनात. मोजे आईने शोधायचे असतात, तो सदतीस वर्षांचा झाला तरी. बाईंनी टीव्ही बंद केला. त्यांच्या सगळ्या आयुष्यात एकच जागा अशी होती जिथून त्यांना उठवायची कुणाची टाप नव्हती, आणि ती म्हणजे ही खुर्ची. हाताला दोन सुया, नळ्यांतून रक्त बाहेर चाललेलं. कोण म्हणणार, जरा उठतेस का? हे जेव्हा त्यांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांना हसू आलं, आणि लगेच रागही आला.

एका शनिवारी त्यांनी विषय काढला. दोन बैठकांत बघू, मध्यंतरापर्यंत एकदा, मध्यंतरानंतर एकदा. सरांनी विचारलं, मग दिग्दर्शकाने साधलेल्या एकसंध परिणामाचं काय? बँकेतलीने तारे पाहिले, इतक्या जुन्या सिनेमाला कुणी तारे दिलेच नव्हते. काका म्हणाले, लांब सिनेमे नकोत, झोप येते. बाईंचा संयम तिथे सुटला. झोप तुम्हाला आखूड सिनेमातही येते, त्या म्हणाल्या, तुम्हाला जाहिरातीतही येते. काकांनी छताकडे तोंड केलं. त्या दिवशी एक गाढवपणाचा विनोदी सिनेमा लागला आणि कुणीही हसलं नाही.

अकराला उठल्यावर वजनाच्या काट्यावर उभं राहायचं असतं, किती पाणी निघालं ते बघायला. बाई काट्यावर असताना दादा आकडा लिहिता लिहिता हळूच म्हणाला, "बाई, काकांना असं बोलू नका. तुमच्या खुर्चीवर आधी फोटोस्टुडिओवाले बसायचे. काकांचे दोस्त. एका शनिवारी दोघांनी अर्धा पिक्चर बघितला, उरलेला मंगळवारी बघू म्हणाले. मंगळवारी ते आलेच नाहीत. तेव्हापासून काका इथं कुठलाच पिक्चर अर्धा ठेवू देत नाहीत."

बाई काट्यावरून उतरल्या. त्यांना स्वतःचा भयंकर राग आला. आणि स्वतःचा राग आला की त्या तो दुसऱ्यावर काढत, हे घरात सगळ्यांना पाठ होतं. त्या दिवशी न्यायला आलेल्या मुलाने, गाडी उन्हात का लावलीस यावरून, घरापर्यंत बोलणी खाल्ली.

मंगळवारी त्या ठरवूनच आल्या. सगळे जोडून झाले, वाद सुरू झाला, सरांचा म्हातारा आणि काकांची मारामारी पुन्हा समोरासमोर आली, पावणेनऊ वाजत आले. तेव्हा बाई सरांना मध्येच तोडून काकांकडे वळल्या.

"काका, फोटोवाल्यांचं मला कळलं. दोन वर्षं मी त्यांच्या खुर्चीवर बसतेय आणि मला कुणी सांगितलं नाही. परवा बोलले ते चुकलं. पण म्हणून आपण चौघांनी नुसते तुकडेच बघत बसायचं का? मी गुरुवारी येणार आहे. तुम्हीही यायचं."

सरसुद्धा गप्प झाले, ही घटना दुर्मीळ.

"कोण येणार ते आपल्या हातात असतं का, बाई," काका म्हणाले.

"नसतं. रिमोट दादाच्या हातात आहे, तेवढं बघा."

काकांनी एकदा बाईंच्या खुर्चीकडे पाहिलं. मग सुई नसलेला हात जरा उचलून दादाला म्हणाले, "लाव."

नऊला दहा कमी असताना सिनेमा लागला. बाईंना सगळं आठवत होतं, नायिकेच्या साडीचा काठसुद्धा, आणि तो काठ किती वाईट शिवलाय हे त्यांना आता नव्याने दिसलं. काका घोरले. सरांनी वाचायला ओळी नसल्यामुळे अधूनमधून छायाप्रकाशावर शेरे मारले. बँकेतलीने मात्र मोबाईल पालथा घालून ठेवला होता. बरोबर अकराला नायिका दोन फलाटांच्या मध्ये उभी राहिली, गाड्यांनी शिट्ट्या दिल्या, मध्यंतराची पाटी आली आणि बाईंचं मशीन वाजायला लागलं. बाईंनी कपाळाला हात लावला. जिथून उठवलं होतं, तिथूनच पुन्हा उठवत होते. तिची ट्रंक कुठे ठेवली, दिसलं का, असं बँकेतली विचारत होती आणि कुणालाच दिसलं नव्हतं.

गुरुवारी बाई साडेसहालाच हजर. सातला जोडून झाल्या. सर आले, बँकेतली आली. दुसरी खुर्ची रिकामी.

सव्वासात झाले, साडेसात झाले. दादाने काकांना फोन लावला, वाजून वाजून बंद झाला. आठला पुन्हा लावला. बाईंना त्या रिकाम्या खुर्चीकडे बघवेना आणि दुसरीकडे बघताही येईना. आपणच हे ओढवून घेतलं, असं त्यांच्या मनात सारखं येत होतं. एका सिनेमापायी. काय मिळणार होतं, एक बाई कुठल्या गाडीत बसली ते कळून?

साडेआठला सर म्हणाले, आता लावायला हरकत नाही, नाहीतर शेवट चुकेल. काका तसेही झोपतातच, त्यांना नंतर गोष्ट सांगू.

"झोपले तरी इथं झोपायला पाहिजेत," बाई म्हणाल्या. "दादा, लावायचा नाही."

वेळ वाया गेला म्हणून आख्ख्या खोलीला दोन वर्षं धारेवर धरणाऱ्या बाई, काळ्या टीव्हीसमोर बसून राहिल्या. नऊ वाजले. सरांनी दोनदा सुस्कारा सोडला. बँकेतलीने विचारलं, कुणाला त्यांचं घर माहीत आहे का. कुणालाही माहीत नव्हतं. इतके महिने शेजारी बसून तारे मोजले, खिडकीवरच्या म्हाताऱ्यावर भांडलो, आणि घर माहीत नाही, याचा बाईंना इतका संताप आला की मशीनने आवाज दिला आणि दादाला येऊन हात सरळ करावा लागला.

साडेनऊला दार उघडलं. काका आत आले. स्वेटर उलटा, केस उभे.

"झोप लागली," ते म्हणाले.

"चौतीस वर्षं पहाटेची पहिली गाडी काढायचात ना तुम्ही?" बाईंचा आवाज चढला होता.

"रात्रभर डोळ्याला डोळा नाही. पहाटे लागला. कानातलं यंत्र काढून ठेवलेलं, फोन काय ऐकू येणार." काका खुर्चीवर बसले आणि हात पुढे करून दादाला म्हणाले, "मी ठरवलं होतं, यायचंच. म्हणूनच झोप आली नाही."

बाईंना बरंच काही सुनवायचं होतं. पण त्या दादावर कडाडल्या, की रिमोट घेऊन उभा काय राहिलास, तो लाव आधी, त्यांना नंतर जोड.

दादाने आधी काकांना जोडलं, कारण तो बाईंपेक्षा शहाणा होता. पावणेदहाला सिनेमा लागला. पाटी उमटली, चाळीस वर्षांनंतर.

चाळीस वर्षांनंतर? मग गाडी? नायिका कुठल्याशा घराच्या अंगणात केस पांढरे करून बसलेली, आणि ती तिथे कशी पोचली त्याचा पत्ता नाही. सर म्हणाले, हे फार धाडसी आहे. बाई म्हणाल्या, धाडस कसलं, ही फसवणूक आहे, एकोणचाळीस वर्षं थांबवून ठेवलेल्या माणसाची. काका दहा वाजून पाच मिनिटांनी घोरायला लागले आणि त्या घोरण्याने बाईंना खोलीत आल्यापासून पहिल्यांदाच बरं वाटलं.

अकराला त्यांचं मशीन वाजलं. पंचवीस मिनिटांचा सिनेमा उरला होता. दादाने सुया काढल्या, त्यांनी कापसाचा बोळा दाबून धरला, पट्टी लागली, वजन झालं. आता खुर्ची पुसायची होती. बाई दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या. काकांच्या खुर्चीजवळ दादाचं लोखंडी स्टूल होतं. काकांचं मशीन आज दुपारपर्यंत चालणार होतं, त्यांच्या जागेवरच्या पुढच्या पेशंटला कोपऱ्यातलं जादाचं मशीन देणार होते. बाई परत आल्या आणि स्टुलावर बसल्या. दादाने पाहिलं न पाहिल्यासारखं केलं आणि फडका घेऊन खुर्ची पुसायला लागला.

तेवढ्यात दारात मुलगा आला. गाडीची किल्ली बोटात फिरवत म्हणाला, "आई, चल."

बाईंनी मान वळवली नाही. हाताला सुई नव्हती, नळी नव्हती. उठायला काहीच आडवं येत नव्हतं.

"पिक्चर चालू आहे," त्या म्हणाल्या.

"अगं, पण झालं ना तुझं? मला ऑफिसला जायचंय."

"जा मग. मी रिक्षाने जाईन."

मुलगा गेला नाही. किल्ली खिशात टाकून दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. पाच मिनिटांनी त्याने विचारलं, हा कोण, हिचा भाऊ का. पुढच्या पाळीची माणसं आत येऊ लागली होती, त्यांतल्या एकाने कधीचा पिक्चर म्हणून विचारलं, तर सरांनी, साक्षात सरांनी, तोंडावर बोट ठेवून त्याला गप्प केलं.

शेवटची तीन मिनिटं राहिली तेव्हा नायिकेच्या नातीने ते विचारलं, जे विचारायला बाई एकोणचाळीस वर्षं थांबल्या होत्या. आणि नायिका म्हणाली, भावाच्या गाडीत बसले. हमालाने ट्रंक आधीच त्या गाडीत चढवली होती. मग सतार वाजली आणि सिनेमा संपला.

"एवढ्यासाठी?" बाई म्हणाल्या. "हमालाने ट्रंक ठेवली म्हणून?"

सर म्हणाले, यात मोठा अर्थ आहे. बँकेतली म्हणाली, मला रडू येतंय आणि रागही येतोय, याला किती तारे द्यायचे? दुसरा भाग वीस मिनिटं जास्तच आहे, बाईंनी निकाल दिला, टेबलावर आला असता तर मी कापून काढला असता. या सगळ्या गलक्याने काका जागे झाले आणि त्यांनी विचारलं, कुठल्या गाडीत बसली शेवटी. बाईंनी त्यांना सांगितलं.

काकांनी समोरच्या काळ्या टीव्हीकडे बघितलं.

"ट्रंक उतरवून घ्यायची की," ते म्हणाले. "सांगायचं ड्रायव्हरला. कुणी सांगितलं तर गाडी थांबवतो आपण. मी कितीदा थांबवलीय."

हातावरची पट्टी घट्ट आहे ना ते बाईंनी चाचपून पाहिलं, काकांचा उलटा स्वेटर दाखवून तो घरी गेल्यावर सुलटा करा म्हणून सांगितलं, त्यांच्या घराचा पत्ता दादाच्या पेनाने स्वतःच्या फाइलच्या पाठीवर लिहून घेतला आणि मग उठल्या. मुलगा दारातून बाजूला झाला. लिफ्टची वाट बघताना तो म्हणाला, काय गं, एवढं काय होतं त्या पिक्चरमध्ये.

"काही नव्हतं," बाई म्हणाल्या. "आणि शनिवारी बाराला ये. अकराला येऊन दारात उभा राहू नकोस."